पंधरा मीटर दूर का?



पावसाळ्याचे पहिले दोन महिने सरले, की शाळेच्या पटांगणात गवत गुडघ्याला लागते. १५ ऑगस्टचे झेंडावंदन तोंडावर आलेले असते. पूर्वी अशा वेळी विळे घेऊन चार-पाच माणसे दोन दिवस राबत. आता एकच माणूस खांद्याला पट्टा अडकवून येतो, दोरीला हिसका देतो, भर्रर्र असा आवाज होतो आणि तासा-दोन तासांत पटांगण स्वच्छ होते. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, बागेतही तुम्ही हे यंत्र पाहिले असेल. त्याला ब्रश कटर किंवा नुसते ग्रास कटर म्हणतात. मधल्या सुटीत अगदी जवळ जाऊन ते कसे चालते हे पाहण्याचा मोह कोणाला होत नाही? जवळ जाणाऱ्या अशा जिज्ञासू मुलामुलींसाठीच हा लेख आहे.

या यंत्राबरोबर एक माहितीपुस्तिका मिळते. तिच्यात एक नियम बहुधा असतोच : यंत्र चालू असताना चालविणाऱ्याखेरीज कोणीही पंधरा मीटरच्या आत येऊ नये. पंधराच का? पाच का नाहीत? अशा नियमांची नुसती घोकंपट्टी केली तर ते चार दिवसांत विसरले जातात. पण त्यामागचे गणित एकदा स्वतः करून पाहिले, तर ते जन्मभर लक्षात राहतात. शिवाय ते गणित अवघड नाही. तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र त्याला पुरते.

यंत्राची ओळख

एक लांब पोकळ दांडा, त्याच्या वरच्या टोकाला छोटे पेट्रोल एंजिन आणि खालच्या टोकाला फिरणारे पाते, अशी या यंत्राची साधी रचना असते. दांड्याच्या आतून जाणारा दंड एंजिनाची गती पात्यापर्यंत नेतो. पात्याच्या मागे, म्हणजे माणसाच्या बाजूला, एक कवच असते. मुठीजवळ एक खटका असतो. तो दाबला की एंजिनाचा वेग वाढतो.

याच कुटुंबातले दुसरे यंत्र म्हणजे एजर. बागेतल्या हिरवळीची कड पायवाटेलगत सरळ रेषेत कापण्यासाठी ते वापरतात. ब्रश कटरचे पाते जमिनीला समांतर फिरते, तर एजरचे पाते उभे फिरते आणि टोकाने जमिनीत थोडे घुसते. त्यामुळे माती व खडे यांच्याशी त्याची गाठ हमखास पडते. पाते ज्या प्रतलात फिरते त्याच प्रतलात खडे उडतात. म्हणून एजर चालू असताना त्याच्या रेषेत पुढे किंवा मागे उभे राहणे सर्वांत धोक्याचे.

पात्याऐवजी नायलॉनची जाड दोरी बसवण्याची युक्ती १९७१ साली निघाली, आणि तिच्यात एजरचाच हातभार होता. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील जॉर्ज बॅलास यांना मोटारी धुण्याच्या यंत्रातले फिरते कुंचले पाहून ती सुचली. त्यांनी पॉपकॉर्नच्या एका रिकाम्या डब्याला भोके पाडली, त्यांत मासे धरण्याची दोरी ओवली आणि तो डबा एजरला जोडून फिरवला. मऊ दोरी वेगाने फिरू लागली की ताठ होते आणि गवत छाटते. गोफणीची दोरी फिरवताना ताठ राहते, तसाच हा प्रकार.

पात्याच्या टोकाचा वेग

आता हिशेबाला बसू या. पात्याचा व्यास २५ सेंटीमीटर आहे आणि ते मिनिटाला ६,००० फेरे घेते असे समजा. यंत्रागणिक हे आकडे थोडे बदलतात, पण आपल्या कामाला ते पुरेसे आहेत.

मिनिटाला ६,००० म्हणजे सेकंदाला १०० फेरे. एका फेऱ्यात पात्याचे टोक परिघाएवढे अंतर जाते. परिघ = ३.१४ × ०.२५ = ०.७८५ मीटर. म्हणजे सेकंदाला १०० × ०.७८५ = ७८.५ मीटर. ताशी वेग काढायचा तर ३.६ ने गुणा. उत्तर येते ताशी सुमारे २८० किलोमीटर!

शिरपूरजवळून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. त्यावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी एस.टी. बस पाहिली तरी आपण चार पावले मागे सरतो. या पात्याचे टोक तिच्या साडेतीनपट वेगाने फिरत असते. पण ते एका जागी फिरते आणि वेगामुळे नुसती धूसर चकती दिसते, म्हणून आपल्याला त्याची भीती वाटत नाही. डोळा फसतो तो येथे.

तापीकाठ आणि सातपुडा

शिरपूर तालुक्याच्या दक्षिणेला तापी नदी आहे आणि उत्तरेला सातपुड्याचे डोंगर. तापीच्या बाजूची जमीन खोल, काळी, कपाशी-केळीची. सातपुड्याकडे जावे तसतशी जमीन उथळ होत जाते आणि मुरूम व दगडगोटे दिसू लागतात. तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधारे बांधण्याचे काम झाले. ते 'शिरपूर पॅटर्न' या नावाने प्रसिद्ध आहे. बांधावरचे असो, नाल्याच्या काठचे असो वा पटांगणातले, वाढलेल्या गवतात खाली काय दडले आहे ते वरून दिसत नाही. यंत्र तेच असले तरी काळ्या मातीत त्याचा धोका वेगळा आणि दगडाळ माळावर वेगळा.

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बसाल्ट. त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट असते. बोराएवढा खडा सुमारे १० ग्रॅम भरतो. फिरत्या पात्याचा फटका बसून तो सेकंदाला ६० मीटर वेगाने उडाला असे समजू. त्याची गतिज ऊर्जा किती?

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग
= ½ × ०.०१ × ६० × ६०
= १८ ज्यूल.

आकडा लहान वाटतो ना? पण एक किलोचे वजन १.८ मीटर उंचीवरून, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून पडले, तर जमिनीवर आदळताना त्याची ऊर्जाही जवळपास एवढीच असते. आता ही सगळी ऊर्जा एका बोराएवढ्या खड्याच्या टोकाने डोळ्यावर आदळली तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा. हाड जुळते, कातडी भरून येते; फुटलेला डोळा परत मिळत नाही.

'खडा आला तर मी बाजूला होईन' असे कोणी म्हणेल. एखादी गोष्ट पाहून शरीर हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपला खडा १२ मीटर पुढे गेलेला असतो. पाच मीटरवर उभ्या असलेल्याला तो दिसण्याआधीच लागतो.

मग पंधरा मीटर का?

खडा जमिनीपासून १० सेंटीमीटर उंचीवरून आडवा उडाला असे धरा. गुरुत्वाकर्षणामुळे तो ०.१४ सेकंदात जमिनीला टेकतो. तेवढ्या वेळात तो ६० × ०.१४, म्हणजे सुमारे साडेआठ मीटर जातो. हवेचा विरोध आपण धरलेला नाही; धरला तर हे अंतर आणखी कमी भरेल. पण सगळे खडे आडवेच उडत नाहीत. काही किंचित वर उसळतात आणि ते त्याहून बरेच दूर जातात. म्हणून साडेआठ मीटरवर समाधान मानता येत नाही.

आता दुसरा विचार करा. यंत्राभोवती ३ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचा परिघ सुमारे १९ मीटर भरतो. अर्धा मीटर रुंदीचा माणूस त्यावर उभा राहिला, तर परिघाचा सुमारे अडतिसावा भाग त्याने अडवलेला असतो. त्रिज्या १५ मीटर केली तर परिघ ९४ मीटर होतो आणि तोच माणूस त्याचा फक्त १८८वा भाग अडवतो. म्हणजे खडा लागण्याची शक्यता रुंदीच्या दिशेने पाचव्या हिश्शाएवढी झाली. उंचीच्या दिशेनेही तसेच होते. दिव्यापासून दूर जावे तसा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो हे तुम्हाला माहीत आहे. खडे सगळीकडे सारखे उडतात असे मानले, तर येथेही तोच नियम लागतो : अंतर पाचपट, धोका पंचविसाव्या हिश्शाएवढा. त्यात वाटेत हवेच्या विरोधाने खड्याचा वेगही उतरलेला असतो.

पंधरा मीटरच्या पलीकडे खडा जातच नाही असे मात्र नव्हे. म्हणून चालविणाऱ्याने खिडकीच्या काचा, उभी वाहने व गुरे यांचाही विचार करायचा असतो. कोणी जवळ येताना दिसले, तर खटका सोडून पाते थांबेपर्यंत काम बंद ठेवायचे. आणि काम सुरू करण्यापूर्वी ती जागा एकदा पायी फिरून दगड, बाटल्या, तारेचे तुकडे व ठिबकच्या जुन्या नळ्या वेचून टाकायच्या. या पंधरा मिनिटांच्या कामाने जेवढा धोका टळतो, तेवढा दुसऱ्या कशानेही टळत नाही.

दगडाळ जागी, भिंतीलगत व कुंपणालगत धातूच्या पात्याऐवजी नायलॉनची दोरी वापरणे बरे. मात्र नायलॉन लवकर झिजते म्हणून त्याजागी तार बांधण्याची 'युक्ती' कोणी सुचवली, तर त्याला तेथेच थांबवा. तारेचा तुकडा तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

पऱ्हाटीचे खोड आणि न्यूटन

खानदेशात कपाशीचा हंगाम संपला की शेतात पऱ्हाटीची खोडे उरतात. ती वाळून लाकडासारखी टणक होतात. गवतात लपलेल्या अशा खोडावर पाते आपटले की यंत्र एकदम झटका देते. असे का होते?

न्यूटनचा तिसरा नियम आठवा. पाते खोडाला जेवढ्या जोराने ढकलते तेवढ्याच जोराने खोड पात्याला उलट ढकलते. खोड जमिनीत रुतलेले आहे, ते हलत नाही. मग हलते ते यंत्र.

ते कोणत्या दिशेने हलेल हेही सांगता येते. पात्याच्या जागी घड्याळाची तबकडी आहे आणि १२चा आकडा चालविणाऱ्याच्या समोर आहे अशी कल्पना करा. वरून पाहिले असता बहुतेक ब्रश कटरांचे पाते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. पात्याचा १२ ते ३ मधला भाग खोडावर आपटला तर यंत्र उजवीकडे आणि मागे, म्हणजे चालविणाऱ्याच्या अंगावर, फेकले जाते. ९ ते १२ मधला भाग आपटला तर झटका पुढच्या बाजूला, म्हणजे अंगापासून दूर बसतो. कागदावर वर्तुळ व बाण काढून हे स्वतः पडताळून पाहा. म्हणूनच जाणकार माणूस यंत्र उजवीकडून डावीकडे फिरवतो, पात्याच्या डाव्या बाजूने कापतो आणि परत उजवीकडे नेताना कापत नाही. खांद्याचा पट्टा नीट आवळलेला असला आणि दोन्ही हातांची पकड पक्की असली, की झटका आला तरी पाते पायांपर्यंत पोचत नाही.

खटका सोडला, तरी...

या यंत्रात एंजिन व पाते यांच्यामध्ये अपकेंद्री क्लच असतो. एंजिन सावकाश चालते तेव्हा क्लचचे दोन तुकडे स्प्रिंगच्या ताणाने आत ओढलेले राहतात आणि पाते फिरत नाही. वेग वाढला की ते तुकडे बाहेर सरकून भोवतीच्या वाटीला घासतात आणि पाते फिरू लागते. म्हणून खटका न दाबता एंजिन नुसते चालू असताना पाते स्थिर राहिले पाहिजे. ते तेव्हाही फिरत असेल तर यंत्रात बिघाड आहे. दुरुस्त केल्याशिवाय ते वापरू नये.

पण खटका सोडल्याबरोबर पाते थांबते का? नाही. पात्यात साठलेली ऊर्जा कोठे जाणार? अर्धा किलो वजनाची, २५ सेंटीमीटर व्यासाची सपाट चकती सेकंदाला १०० फेरे घेत असेल तर तिच्यात सुमारे ७७० ज्यूल ऊर्जा असते. ५० किलोचे धान्याचे पोते दीड मीटर उचलायला जवळपास एवढीच लागते. ही ऊर्जा घर्षणात संपेपर्यंत पाते जडत्वाने काही सेकंद फिरतच राहते. एंजिनाचा आवाज मंदावला, म्हणून गुंडाळलेले गवत काढायला हात घातला, तर त्या काही सेकंदांत बोटे जातात. खरा क्रम असा : एंजिन पूर्ण बंद करावे, पाते थांबल्याचे डोळ्यांनी पाहावे, स्पार्क प्लगची टोपी काढावी, आणि मगच हातमोजे घालून गवत सोडवावे. टोपी काढली की ठिणगी पडत नाही आणि पाते हाताने फिरवले तरी एंजिन अचानक सुरू होऊ शकत नाही.

पेट्रोल आणि खानदेशचा उन्हाळा

रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी जमायला सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. पेट्रोलला उणे ४० अंशही पुरतात! खानदेशात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात पेट्रोलच्या डब्याचे झाकण उघडले की भराभर वाफ निघते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि दूरच्या विडीपर्यंत किंवा तापलेल्या सायलेन्सरपर्यंत पोचते. म्हणून एंजिन थंड झाल्यावर, सावलीत, मोकळ्या हवेत पेट्रोल भरावे. सांडलेले पुसून घ्यावे आणि भरल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे.

यांतली बरीच एंजिने द्विघाती असतात. त्यांत पेट्रोल व हवेचे मिश्रण दट्ट्याच्या खालच्या पेटीतून जाते, त्यामुळे तेथे वेगळे वंगण ठेवता येत नाही. म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. प्रमाण ५० : १ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागते. हे मिश्रण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेले लहान मूल बाटलीवरचे नाव वाचत नाही, नुसती बाटली पाहते. नळीने तोंडाने पेट्रोल ओढणेही तितकेच घातक, कारण थोडेसे पेट्रोल फुप्फुसात गेले तरी जीव धोक्यात येतो.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोमाने चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून गोठ्यात किंवा बंद खोलीत यंत्र 'नुसते चालू करून पाहणे'सुद्धा नको.

कान आणि बोटे

या यंत्राचा आवाज चालविणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या आसपास असू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेची शिफारस अशी की, ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपेक्षा अधिक ऐकू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी. करा हिशेब : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे! कानांवर आवाजरोधक न घालता दिवसभर हे यंत्र चालविणाऱ्याला बहिरेपण हळूहळू येते आणि एकदा आले की जात नाही.

कंपनांचेही तसेच. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील बेडफर्ड येथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी दगड फोडणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला. त्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी फटक पडत, बधिर होत. सततच्या कंपनांनी बोटांतल्या रक्तवाहिन्यांना इजा होते, हे त्याचे कारण. म्हणून मधूनमधून यंत्र खाली ठेवून हातांना विश्रांती द्यायची. ते आळसाचे लक्षण नाही.

मळणी यंत्राचा धडा

हात तोडणारे यंत्र आपल्या देशाने यापूर्वीही पाहिले आहे. विजेवर व एंजिनावर चालणारी मळणी यंत्रे गावोगाव आली, तेव्हा पेंढी आत सारताना अनेकांचे हात गेले. शेवटी १९८३ साली अशा धोकादायक यंत्रांच्या नियमनासाठी संसदेला कायदा करावा लागला. पेंढी सारण्याचा तबक लांब करायचा आणि वरून झाकायचा, म्हणजे हात आतल्या ड्रमपर्यंत पोचूच शकत नाही, हा त्यावरचा साधा उपाय. लक्षात घ्या, तो उपाय माणसाच्या सावधपणावर अवलंबून नाही. थकलेला, घाईतला, अर्धवट झोपेतला माणूसही त्याने वाचतो.

ब्रश कटरवरचे कवच हा असाच उपाय आहे. पण गवत अडकते, काम सावकाश होते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते काढून टाकलेले दिसते. वाचलेली पाच मिनिटे आणि गेलेला डोळा यांचा हिशेब मात्र कोणी करत नाही.

तुम्ही काय कराल?

हे यंत्र मोठ्या, शिकलेल्या माणसाने चालवायचे आहे. अठरा वर्षे होईपर्यंत तुम्ही ते हाती घेऊ नका, मग दादा-काका कितीही आग्रह करोत. पण बघ्याची भूमिकाही तुमची नाही. या वर्षी पटांगणातले गवत कापायचे ठरले की सर-बाईंची परवानगी घ्या. आदल्या दिवशी रांगेने चालत पटांगणातले दगड व तारा वेचा. पंधरा मीटर लांबीची दोरी मोजून घ्या आणि काम चालणार त्या जागेच्या कडेपासून तेवढ्या अंतरावर चुन्याच्या फक्कीने रेषा आखा. लहान वर्गांतली मुले ती ओलांडणार नाहीत, याची जबाबदारी मोठ्या वर्गांनी घ्यावी.

आणि यंत्र चालविणारे काका आले, की ते सुरू होण्याआधी त्यांना पाणी द्या आणि आदराने चार प्रश्न विचारा : काका, डोळ्यांना चष्मा आहे ना? कानांना काही लावता ना? पायांत बूट आहेत ना? उपरण्याचे टोक आत खोचले आहे ना? कदाचित ते हसतील. पण उत्तर 'नाही' आले, तर वरच्या हिशेबाचा कागद त्यांच्यासमोर धरा. बोराएवढा खडा, १८ ज्यूल. एवढे गणित तर तुम्हाला आता येतेच.